सर्व्हर गप्प आहे म्हणजे बरा आहे का?

(नव्या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इअरफोन लावा.)

सोलापुरातून बोलतोय. बाहेर ऊन असं आहे की मघाशी गच्चीवर ठेवलेल्या माझ्या फोननंच मला सांगितलं, 'मी तापलोय, जरा थांब.' तुमचा फोन असं बरंच काही न विचारता सांगत असतो. बॅटरी बारा टक्के. स्टोरेज फुल. नेटवर्क नाही. तो तुमच्या हातात असतो, त्यामुळे त्याचं दुखणं तुम्हाला लगेच दिसतं.

पण तुमचा पगार, तुमचा रिझल्ट, तुमचं रेल्वेचं तिकीट ज्या सर्व्हरवर असतं तो तुमच्या हातात नसतो. तो शेकडो किलोमीटर लांब, एसीच्या खोलीत, काळ्या कपाटात असतो. त्याला 'बाबा रे, कसा आहेस?' असं कोण विचारतं? कधीपासून विचारतात? आणि त्यानं उत्तरच दिलं नाही तर काय समजायचं?

आजचा भाग या शेवटच्या प्रश्नाचा आहे. आणि तो प्रश्न मला पुस्तकातून नाही पडला. एका मावशींनी विचारला होता.

शनिवारचा पगार

झालं असं, काही वर्षांपूर्वी मी सोलापुरातच एका छोट्या फर्ममध्ये कामाला होतो. आमच्या ताब्यात चौदा सर्व्हर. कुणाचं बिलिंग, कुणाचा स्टॉक, कुणाचे पगार. रोज पहाटे सहाला मी लिहिलेली एक स्क्रिप्ट आपोआप सुरू व्हायची. ती एसएसएचनं एकेका सर्व्हरवर जायची आणि चार प्रश्न विचारायची. किती दिवस चालू आहेस? डिस्क किती भरली? मेमरी किती उरली? कालच्या लॉगमध्ये एरर किती? सगळी उत्तरं एका फाइलमध्ये जमा करायची आणि मला मेल करायची.

सुरुवातीला रोज मेल यायचा. 'सगळं ठीक.' 'सगळं ठीक.' 'सगळं ठीक.' महिनाभरात कंटाळा आला. म्हटलं, ठीक असेल तर मेल कशाला? बिघाड असेल तरच पाठव. एक ओळ बदलली आणि स्वतःवर खूश झालो.

पुढे एक दिवस, ज्या मशीनवर ती स्क्रिप्ट चालायची त्याच मशीनची डिस्क भरली. स्क्रिप्टला फाइल लिहायला जागाच नाही. ती पहिल्या पायरीवरच पडायची. कुणाला विचारणं नाही, जमवणं नाही, मेल नाही. नऊ दिवस मेल आला नाही आणि नऊ दिवस मी निवांत. काय भारी सर्व्हर सांभाळतोय बे आपण!

दहाव्या दिवशी, शनिवारी, एका टॉवेलच्या कारखान्याच्या सर्व्हरची डिस्क गच्च भरली. डेटाबेसनं लिहिणं थांबवलं. आठवड्याच्या पगाराचा हिशेब निघेना. शिलाई खात्यातल्या बायका पाच वाजल्यापासून गेटवर उभ्या. मी पोचलो, जुन्या फाइली हलवल्या, डेटाबेस उठवला, तोवर आठ वाजले. बाजार उठला होता. त्यांतल्या एक मावशी मला म्हणाल्या, "साहेब, मशीन बंद पडलंय हे तुम्हाला कळत नाही का हो?"

मी म्हणालो, "कळतं मावशी. या वेळी कळलं नाही."

त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि निघाल्या. मला मात्र तो प्रश्न चिकटला. कळायला हवं होतं. मग का नाही कळलं?

लाइन क्लिअर

आमच्या शेजारी एक काका राहतात. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले. त्या रात्री त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, सर्व्हर, स्क्रिप्ट वगैरे त्यांना काय कळणार! ते शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "मेल आला नाही, तर तू काय समजलास?"

"सगळं ठीक आहे असं."

"अरे, आमच्याकडे उलटं असतं. निरोप आला नाही तर गाडी सोडायची नाही."

इथून आपण जरा मागे जाऊ. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं पुण्याकडून टप्प्याटप्प्यानं रूळ आणले होते. तेव्हा भोर घाटाचं कामसुद्धा पूर्ण झालेलं नव्हतं, ते १८६३ ला झालं. रुळांसोबत आले तारेचे खांब. कारण रेल्वेची सगळ्यात मोठी अडचण वेगाची नव्हती, माहितीची होती. पुढच्या स्टेशनपर्यंतचा रूळ मोकळा आहे का? डोळ्यांना दिसत नाही. कुणाला तरी लांबून विचारावंच लागतं.

त्यातून हळूहळू ब्लॉक पद्धत पक्की झाली. दोन स्टेशनांमधला रूळ म्हणजे एक ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. मागच्या स्टेशननं पुढच्याला विचारायचं, पुढच्यानं 'लाइन क्लिअर' द्यायचं, मगच गाडी निघायची. आता गंमत बघा. तार तुटली, यंत्र बिघडलं, समोरच्या मास्तरला डुलकी लागली, काहीही झालं तरी परिणाम एकच: लाइन क्लिअर येत नाही आणि गाडी थांबते. उशीर होतो, माणसं चिडतात, पण टक्कर होत नाही.

जुने हाताचे सिग्नल आठवतात? तो लाल पट्टा. त्याचं वजन असं ठेवलेलं असतं की ओढणारी तार तुटली तर पट्टा आपोआप आडवा होतो, म्हणजे 'थांबा'. 'जा' म्हणायला कुणीतरी तार ओढून धरावी लागते. मुंबईच्या लोकलमधला मोटरमन हँडल दाबून धरतो, तेही याचसाठी. हात सुटला की ब्रेक लागतो.

म्हणजे रेल्वेनं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी एक गोष्ट ठरवून टाकली होती. शांतता म्हणजे धोका. आपण घरात म्हणतो, मौन म्हणजे संमती. रेल्वे म्हणते, अजिबात नाही.

मग आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना उलटी सवय कुणी लावली?

कमी बोलणारी मशीन

हे कोडं उलगडायला जाऊ अमेरिकेत, बेल लॅब्जमध्ये. १९६९ पासून केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथं युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवायला घेतली. तुमच्या अँड्रॉइडच्या पोटात जे लिनक्स आहे, ते युनिक्सच्याच वळणावर गेलेलं. युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं आहे. त्यात डीएफ आणि डीयू या कमांड आहेत. डीएफ विचारते, डिस्कवर जागा किती उरली? डीयू विचारते, जागा कुणी खाल्ली? त्या शनिवारी कारखान्याच्या सर्व्हरवर मी पहिल्यांदा टाइप केली ती डीएफ आणि दुसरी डीयू. पन्नास वर्षांत दुखणं तेच आणि औषधही तेच.

त्या काळी स्क्रीन सर्रास नव्हत्या. माणूस टेलिटाइपवर बसायचा. म्हणजे टाइपरायटरसारखं यंत्र, जे कागदावर खडखड उत्तर छापतं. टेलिटाइप मॉडेल ३३ चा वेग होता सेकंदाला दहा अक्षरं. आता विचार करा, फाइल कॉपी केल्यावर प्रत्येक वेळी 'आपली फाइल यशस्वीरीत्या कॉपी झाली आहे' असं छापत बसलं तर? वेळ जाणार, कागद जाणार. म्हणून युनिक्सच्या कमांडना वळण लागलं: काम झालं असेल तर गप्प बसा, चुकलं तरच बोला. आजही सीपी कमांडनं फाइल कॉपी करा. ती एक शब्द बोलत नाही.

आणि ते बरोबरही होतं. कारण तुम्ही मशीनसमोर बसलेले असायचा. कमांड संपली की प्रॉम्प्ट परत यायचा, म्हणजे 'पुढचं बोला' असं मशीन सांगायचं. ती शांतता खरी शांतता नव्हतीच. प्रॉम्प्ट हाच निरोप होता, आपली 'लाइन क्लिअर'.

घोटाळा झाला तो माणूस मशीनपासून उठून गेल्यावर. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन आलं. क्रॉन म्हणजे घड्याळ लावून ठेवलेला गडी. सांगितलेल्या वेळी सांगितलेलं काम करतो, समोर कुणी असो वा नसो. आता कमांड गप्प राहिली तर तिच्यासमोर प्रॉम्प्ट बघणारा माणूसच नाही. काम झालं म्हणून गप्प, की मेली म्हणून गप्प? दोन्ही शांतता बाहेरून सारख्याच दिसतात. मी पहाटे सहाला जी स्क्रिप्ट लावली होती, ती क्रॉनवरच.

हाक मारून बघणं

नेटवर्कवाल्यांच्या हे लवकर लक्षात आलं. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या माणसानं नेटवर्क का अडखळतंय हे शोधायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं पिंग. पाणबुडी पाण्यात आवाज सोडते आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखते, त्यावरून. पिंग दुसऱ्या मशीनला हाक मारतं, 'आहेस का?' आणि 'ओ' ची वाट बघतं. शेवटी हिशेब देतं: पाच हाका मारल्या, चार ओ आल्या. म्हणजे न आलेलं उत्तरही ते मोजतं. ही साधी गोष्ट फार मोठी आहे.

त्याच दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत सिसलॉग तयार केलं. सर्व्हरवर जे काही घडतं त्याच्या नोंदी एका जागी जमवायची सोय. कामाची चीज, पण तिची जुनी पद्धत म्हणजे पोस्टकार्ड टाकण्यासारखी. चिठ्ठी सोडायची, पोचली का हे बघायचं नाही. वाटेत हरवली तर पाठवणाऱ्याला पत्ता नाही आणि घेणाऱ्याला तर काही येणार होतं हेच माहीत नाही.

मग आलं १९९५. फिनलंडमध्ये टाटू युलोनेन यांनी आपल्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यावर एसएसएच लिहिलं. लांबच्या सर्व्हरवर जाऊन कमांड चालवायची, पण मधल्या चोराला काही वाचता येणार नाही अशी. ते बाहेर पडलं त्या वर्षीच्या जुलैमध्ये. आणि १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे विदेश संचार निगमनं मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. म्हणजे आपल्या एका पिढीनं इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं तेच कमांड लाइनवर, लांबच्या एका युनिक्स सर्व्हरला प्रश्न विचारत.

तर हत्यारं सगळी जमली होती. हाक मारायला पिंग, आत जायला एसएसएच, जागा बघायला डीएफ, वेळेवर उठवायला क्रॉन. तरीही शांततेचा अर्थ चुकीचा लावला की काय होतं, ते २००३ मध्ये दिसलं.

ओहायोतली दुपार

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतलं ओहायो राज्य. फर्स्टएनर्जी नावाची वीज कंपनी. तिच्या कंट्रोल रूममध्ये युनिक्सवर चालणारी एक्सए-२१ ही प्रणाली. एखादी लाइन पडली की ती धोक्याचा इशारा देणार.

दुपारी सव्वादोनच्या आसपास ही इशारा देणारी यंत्रणाच अडकली. 'मी अडकले' असंही तिनं सांगितलं नाही. ऑपरेटर बसलेत, स्क्रीनवर इशारा नाही, म्हणजे सगळं ठीक! २:३२ ला शेजारच्या कंपनीतून फोन आला, तुमची-आमची एक लाइन आत्ता पडून परत आली, बघा जरा. यांच्याकडे इशारा नव्हता, म्हणून त्यांना पटलं नाही. २:४१ ला मुख्य सर्व्हर पडला. त्याचं काम बदली सर्व्हरवर गेलं, तोही २:५४ ला पडला. आयटीच्या लोकांना सर्व्हर पडल्याचं कळलं होतं. त्यांनी रीबूट केलं, सर्व्हर उठला. पण 'इशारे येतायत का?' हे कंट्रोल रूमला कुणी विचारलं नाही. पिंगला 'ओ' आली, पण घरात चूल पेटली का ते बघायचं राहिलं.

तिकडे भार वाढून तारा लोंबत होत्या, झाडांना टेकत होत्या, एकेक लाइन पडत होती. चारनंतर अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला. सुमारे पाच कोटी माणसं. पुढे चौकशीत तो दोष सापडला. प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला गेले आणि यंत्रणा जागच्या जागी फिरत बसली.

ते वाचताना मला माझे नऊ दिवस आठवले. माझी स्क्रिप्ट फार छोटी, पण चूक तीच.

जाळं सोलापुरात जुळलं ती रात्र

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं सोडा, आपलं बोला. बोलतो.

३० आणि ३१ जुलै २०१२. लागोपाठ दोन दिवस भारताचं वीजजाळं कोसळलं. पहिल्या दिवशी उत्तर विभाग, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य. दुसऱ्या दिवशी बाधित झालेल्या भागात साठ कोटींहून जास्त लोक राहत होते. दक्षिण विभाग वाचला, कारण तो तेव्हा बाकीच्या देशाशी थेट एका ठेक्यात जोडलेलाच नव्हता. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी मधे डीसी जोडणी होती. वीज जायची-यायची, पण एकाचा धक्का दुसऱ्याला सरळ लागायचा नाही.

मग ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जुळलं. काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी, सेकंदाला पन्नास आवर्तनं. आपण थर्टीफर्स्टच्या गडबडीत होतो आणि देशाचं जाळं आपल्या गावाजवळ एक झालं. त्याच वर्षी जुलैत देशातली तारसेवा बंद झाली होती. रुळांसोबत आलेली ती तार गेली आणि दुसरी आली.

आता एकाचं दुखणं सगळ्यांचं. म्हणून प्रत्येक उपकेंद्र कसं आहे हे सतत विचारावं लागतं. पश्चिम विभागाचं भार प्रेषण केंद्र मुंबईत अंधेरीला आहे. तिथल्या सर्व्हरकडे उपकेंद्रांमधून काही काही सेकंदांनी आकडे येत राहतात.

आणि इथं मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. वीजजाळ्यात आकडे पाठवायची एक पद्धत आहे, आयईसी १०४. तिच्यात आकड्यासोबत एक छोटी खूण जाते: हा आकडा धरता येईल की नाही. त्यांतली एक खूण चक्क सांगते की आकडा शिळा आहे, जुना आहे, ताजा आलेला नाही. आपली कडक भाकरी महिनाभर टिकते हो. आकडा नाही टिकत.

तिसरं उत्तर

सर्व्हरच्या जगातही हे शहाणपण आलंय. १९९९ मध्ये ईथन गॅलस्टॅड यांनी सुरू केलेलं नागिओस घ्या. त्यात तपासणी करणाऱ्या प्रत्येक कमांडला चारच उत्तरं द्यायची मुभा आहे. शून्य म्हणजे ठीक. एक म्हणजे जरा बघा. दोन म्हणजे गंभीर. आणि तीन म्हणजे 'माहीत नाही'. 'माहीत नाही' हे वेगळं उत्तर आहे, 'ठीक' मध्ये ढकलायचं नाही. २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं प्रोमिथियस तर सर्व्हरनं कळवायची वाटच बघत नाही. ते स्वतः ठरावीक वेळानं विचारतं आणि उत्तर मिळालं नाही तर त्या सर्व्हरपुढे शून्य मांडतं.

मी माझी स्क्रिप्ट फेकून दिली नाही. दुरुस्त केली. चार बदल, तेही काकांच्या रेल्वेकडून उसने घेतलेले.

एक, मेल रोज येणारच. ठीक असलं तरी. फक्त मोठा रिपोर्ट नाही, एक ओळ: 'चौदापैकी चौदा बोलले.'

दोन, एखादा सर्व्हर दहा सेकंदांत बोलला नाही तर त्याच्यापुढे 'उत्तर नाही' असं लिहायचं. रिकामी जागा सोडायची नाही.

तीन, प्रत्येक रिपोर्टवर तारीख आणि वेळ. कालचा रिपोर्ट आजचा म्हणून खपायला नको.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वेगळ्या मशीनवर एक पाच ओळींची स्क्रिप्ट बसवली. ती काहीच तपासत नाही. फक्त साडेसहाला बघते, सहाचा रिपोर्ट आला का? नाही आला तर माझा फोन वाजवते. मग तुम्ही विचाराल, हिच्यावर लक्ष कोण ठेवतं? मी. रोज सकाळी चहासोबत ती एक ओळ वाचतो. शेवटी कुठंतरी माणूस लागतोच.

काकांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ती ओळ वाचली. "चौदापैकी चौदा," म्हणाले, "म्हणजे लाइन क्लिअर."

पुढच्याच पावसाळ्यात एकदा ओळ आली, 'चौदापैकी तेरा.' चौदावा होता तोच टॉवेलच्या कारखान्याचा. वार शुक्रवार. दुपारपर्यंत काम झालं. शनिवारी पाचला पगार झाले आणि त्या मावशींना आदल्या दिवशी काय झालं होतं हे कळलंसुद्धा नाही.

तुमच्यातले काहीजण आत्ता डिप्लोमा करतायत, काहीजण पहिल्या नोकरीत सर्व्हर सांभाळतायत. तुमच्याकडेही अशी एखादी गप्प स्क्रिप्ट असेल. आज घरी गेल्यावर तिला मुद्दाम बंद करून बघा. किती दिवसांनी कुणाच्या लक्षात येतं? उत्तर 'कुणाच्याच नाही' असेल, तर मंडळी, तुमच्याही गेटवर कुणीतरी उभं राहणार आहे.

बाकी, तुमच्याकडे असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी प्या, ऊन लय आहे!